शरणपूरचे आफ्रिकी

जोतीराव फुले यांनी १८७३ च्या जूनमध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. मराठी विचाराचे काळ्यांच्या इतिहासाशी असलेले नाते सांगताना आपण या अर्पणपत्रिकेपासून सुरुवात करतो. मग १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र येते, १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर येते. ही साखळी खरी आहे, तिचा अभिमानही रास्त आहे. पण तिची नजर सतत अमेरिकेकडे लागलेली. फुले ती अर्पणपत्रिका लिहीत होते त्या काळात गुलामीतून सुटलेले आफ्रिकी लोक पुण्याहून फार दूर नव्हे, नाशिकला राहत होते. त्यांना या साखळीत जागा मिळालेली नाही.

नाशिकला गेलेल्या मुंबईकराला शरणपूर रोड ठाऊक असतो. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात वसवलेल्या ख्रिस्ती गावाचे हे नाव. १८६० च्या सुमारास तिथे आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू झाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम नेणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडी आणि सुटलेल्यांपैकी अनेकांना मुंबईत उतरवी. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत दोन हजारांच्या आसपास आफ्रिकी होते. त्यांतले बरेचसे खलाशी, नाहीतर गोदीतले मजूर. मुलांपैकी काहींना शरणपूरला धाडले जाई. तिथे अक्षरओळख होई, लोहारकी-सुतारकी शिकवली जाई आणि बाप्तिस्मा दिला जाई.

बाप्तिस्म्याबरोबर नावेही बदलत. या मुलांच्या नावांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, करास फरार ही नावे वाचून थांबलो. प्राइस, आयझेनबर्ग, फरार ही तर नाशिकच्या मिशनऱ्यांची आडनावे! मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव चेंगविम्बे होते, ते टिकले. बाकी बहुतेकांची जुनी नावे कागदावर उरली नाहीत. गुलामांच्या व्यापाऱ्याने माणसाचे गाव हिरावले आणि मुक्तिदात्याने नाव. दोन्ही कृत्ये सारखी नव्हेत, पण दोन्ही वेळा मुलाला कुणी विचारले नव्हते.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईला आला आणि आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी त्याने नाशिकहून नऊ तरुण निवडले. चुमा आणि सुसी हे त्याचे जुने सोबतीही या मुक्कामातच पुन्हा त्याला मिळाले; चुमाला त्याने आधीच्या खेपेस जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत ठेवले होते, सुसी गोदीत काम करत होता. १८७२ मध्ये नाशिकच्या आणखी काही तरुणांची तुकडी त्याला जाऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

१ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, देह वाळवला आणि नऊ-दहा महिने चालत किनाऱ्यावर पोहोचवला. दफनाची प्रार्थना वाचली वेनराइटने, झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला हा तरुण होता. त्याने लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. नाशिकला गिरवलेल्या अक्षरांनी एका आफ्रिकी माणसाने त्या मोहिमेचा शेवट लिहून ठेवला, हे मला शवपेटी वाहण्याच्या मानापेक्षा मोठे वाटते.

त्याच १८७३ च्या जूनमध्ये, 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली त्याच महिन्यात, झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. या वाटाघाटींसाठी मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर झांझिबारला जाऊन आले होते. तिथे त्यांना जे दिसले ते आपल्यालाही टाळता येणार नाही. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक दशके जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता आणि हस्तिदंत, लवंग, कापड यांच्या त्या व्यापारात हिंदी सावकारांचे भांडवल खेळत होते. लवंगांच्या बागा गुलामांच्या श्रमावर चालत. म्हणजे गुलाम पकडणाऱ्या व्यवस्थेला पुरणारा पैसा आणि सुटलेल्या मुलांना आसरा देणारे गाव, दोन्ही समुद्राच्या या बाजूलाच होते.

तहानंतर सुटलेल्यांना आफ्रिकेतच वसवायचे ठरले. मोंबासाजवळ फ्रियरटाउन उभे राहिले, प्राइस तिकडे गेले आणि शरणपूरचा आफ्रिकी आश्रम संपला. सुमारे दीडशे जण परतले. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' असेच म्हणत. ते शिक्षक झाले, कारागीर झाले, धर्मोपदेशक झाले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या वागणुकीतील भेदाबद्दल त्यांनी तक्रारीही केल्या. त्यांच्यातला विल्यम जोन्स रबाईच्या मिशनकेंद्रात होता. मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना तिथे आसरा मिळे. मालकांनी ते परत मागितले तेव्हा प्रकरण पेटले आणि १८८९ च्या आरंभी चौदाशेहून अधिक माणसांची रक्कम भरून त्यांना कायदेशीर मुक्त करावे लागले. एकेकाळी स्वतः शरणागत असलेला माणूस आता इतरांना शरण देत होता.

मी मुलुंडला राहतो. कल्याण, कसारा घाटाकडे जाणारा लोहमार्ग घाटकोपर-मुलुंडवरूनच पुढे नाशिकला जातो. त्या मार्गावरून रोज हजारो लोक जातात, पण शरणपूर म्हटले की आपल्याला दुकाने आठवतात आणि आफ्रिका म्हटले की अमेरिका. फुल्यांनी गुलामीची व्याख्या दूरच्या शेतमळ्यांपुरती ठेवली नव्हती. ती आपल्या उंबऱ्याशी आणून लावली होती. त्यांच्या अर्पणपत्रिकेचा मान राखायचा असेल तर आपल्या उंबऱ्याशी येऊन गेलेल्या चेंगविम्बेचे नावही मराठी इतिहासाच्या पुस्तकात लिहावे लागेल. तो १९३५ मध्ये मोंबासाला वारला. तोवर आपले कित्येक इतिहासकार लिहू लागले होते.