‘स्मोल्डर’ शब्दाची कुळकथा

ज्वाळा न दाखवितां आंतल्या आंत जळत राहणाऱ्या विस्तवाला इंग्रजींत ‘स्मोल्डर’ हें क्रियापद लावतात. आपण त्याला ‘धुमसणें’ म्हणतों. श्रोतेहो, ह्या इंग्रजी शब्दाचें कूळ शोधूं लागलें म्हणजे मूळ पुरुषाच्या जागीं अग्नि नव्हे, तर धूर भेटतो.

चौदाव्या शतकाच्या सुमारास हा शब्द आढळतो, तेव्हां त्याचा अर्थ ‘जळणें’ असा नव्हता. नाम म्हणून तो गुदमरविणारा धूर दाखवी. क्रियापद म्हणून श्वास कोंडणें. ज्वाळेवांचून जळणें हा अर्थ सोळाव्या शतकांत आला. १५९० मध्यें ‘फेअरी क्वीन’ ह्या काव्यांत स्पेन्सरनें त्याचें विशेषणरूप योजिलें. पुढें सतराव्या शतकांत क्रियापद मागें पडलें.

आणि त्याच शतकांत लंडनला ह्या शब्दाचें खरें प्रयोजन पडावें, हा योगायोग मोठा विलक्षण. १६६६ च्या सप्टेंबरांत तेथें मोठी आग लागली. ७ तारखेला जॉन एव्हलिन भग्नावशेषांतून हिंडला, तेव्हां जमिनीच्या धगीनें त्याच्या जोड्यांचे तळ भाजून निघाले. सॅम्युएल पेपीसनें तर १६६७ च्या मार्चांत, सहा महिने उलटल्यावरही, कांहीं तळघरांतून धूर येतांना पाहिल्याचें रोजनिशींत नमूद केलें आहे.

१७५५ च्या आपल्या कोशांत जॉन्सननें विशेषणरूप दिलें. पण क्रियापद प्रचारांत आहे कीं नाहीं, हें आपणांस ठाऊक नाहीं, असें प्रांजळपणें लिहिलें. एकोणिसाव्या शतकांत मात्र, राखेंतला निखारा फुंकरीनें फुलावा, तसें तें पुन्हां रूढ झालें. आज तें दबलेल्या क्रोधालाही लावतात.

शब्दाचा पहिला अर्थ मात्र विसरण्याजोगा नाहीं. धुमसणाऱ्या विस्तवांत ज्वलन अपुरें राहतें आणि कार्बन मोनॉक्साइड वायु निपजतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. दारें-खिडक्या लावून पेटत्या कोळशांची शेगडी उशाशीं ठेवणारीं माणसें त्यामुळें झोपेंतच दगावतात. श्वास कोंडणें हा जुना अर्थ असा अक्षरशः खरा ठरतो.

आपल्या ‘धुमसणें’ ह्या शब्दांतही ‘धूम’च आहे. दोन्ही भाषांनीं ह्या विस्तवाची ओळख ज्वाळेवरून न करितां धुरावरून केली, तें योग्यच झालें. ज्वाळा दिसतांच मनुष्य दूर पळतो; धुमसत्या निखाऱ्याजवळ तो निर्धास्तपणें निजतो.