खंजिरीवर गाणारा वऱ्हाडी: गायक तुकडोजी महाराज

तुकडोजी महाराज म्हटलं की आपल्याला ग्रामगीता आठवते, भिंतीवरची तसबीर आठवते. पण अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या पिढीनं त्यांना वाचलं ते नंतर, आधी ऐकलं. म्हणून आज आपण त्यांच्यातल्या गायकाकडे पाहू.

जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक, वडील बंडोजी. घरची गरिबी, शाळा लवकर सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनी दिलेलं 'तुकड्या' हे नावच पुढे भजनाची नाममुद्रा झालं.

आता खंजिरी बघा. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं चामडं, कडेला लहान झांजा. एका हातात धरायची, दुसऱ्यानं वाजवायची. पेटी नसली, तबलजी नसला तरी अडत नाही. पारावर, बाजारात, कुठंही भजन उभं राहतं. भाषाही तशीच मोकळी. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला, मराठी आणि हिंदी दोन्ही कानावरच्या. महाराज दोन्हींत गायचे, म्हणून त्यांचं गाणं वऱ्हाडाबाहेरही सहज पोचलं. विषय कोणते? व्यसन, अस्पृश्यता, गावाची सफाई, आणि पुढे स्वातंत्र्य.

या गाण्याची ताकद सरकारनं बरोबर ओळखली. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर आणि आष्टीला उठाव झाला. लोकांना चेतवणाऱ्यांत महाराजांची भजनं होती. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना डिसेंबरपर्यंत ठेवलं. हातात शस्त्र नव्हतं, खंजिरी होती!

तरी आम्हाला त्यांचं मोठं काम वेगळंच वाटतं. 1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. तिथून सामुदायिक प्रार्थना गावोगाव गेली. ऐकणारे स्वतः म्हणू लागले. एरवी गायक गेला की मैफल संपते. इथं गावाचं भजनी मंडळ मागे राहिलं.

1955 मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. राजेंद्रप्रसादांनी त्यांना 'राष्ट्रसंत' म्हटलं. 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीत त्यांनी देह ठेवला. त्या मान-सन्मानात हा गायक थोडा झाकला गेला. वऱ्हाडात आजही संध्याकाळी एखाद्या गावात खंजिरी ऐकू येते, तेव्हा तो पुन्हा भेटतो.

पुढच्या व्याख्यानात आपण गाडगेबाबांच्या कीर्तनाकडे वळू.