आठवणी

आई जाऊन परवा आठ महिने झाले. तिच्या कपाटाला अजून हात लावलेला नाही. पुस्तकांचं तेवढं आवरायला घेतलं, तर पहिलंच हाती आलं रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. २०१२ मध्ये 'उंच माझा झोका' लागायचं, तेव्हा भाग संपला की आई हे पुस्तक काढून बसायची. "बघू, असंच लिहिलंय का!"

शाळेत आपण शिकलो त्या रमाबाई सेवासदनच्या. या वेळी मला मात्र तारखाच दिसत होत्या. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न. ज्या नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवलं, ते न्यायमूर्ती १६ जानेवारी १९०१ ला गेले. तेव्हा रमाबाईंचं वय ३८. पुण्याला परतल्यावर जवळजवळ वर्षभर त्या कुणात मिसळल्या नाहीत. मग हळूहळू येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन सुरू झालं. आणि हे पुस्तक आलं १९१० मध्ये, गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेली.

मला सगळे सांगतात, "कामात मन गुंतव, विसरशील." मीही रमाबाईंकडे तसंच बघत होते, कामात दुःख विसरलेली बाई म्हणून. पण विसरल्या असत्या तर हे पुस्तक लिहिलं असतं का? कामाने त्यांना विसरायला नव्हे, आठवायला बळ दिलं असावं, असं आता वाटतं.

माझं उलट झालंय. आई म्हटलं की शेवटचे अकरा दिवसच डोळ्यांपुढे येतात. नळ्या, बिलं, आणि त्या रात्री मी घरी झोपायला आले होते, ही बोच. तिची आधीची सत्तर वर्षं कुठे गेली कोण जाणे.

रमाबाईंच्या पुस्तकात न्यायमूर्ती जिवंत आहेत. कोलकात्यात दाढी करून घेताना न्हाव्याला बंगाली शब्दांचे अर्थ विचारणारे! त्या पानाच्या कडेला आईने पेन्सिलीने बारीक फुली केलीय. का, ते आता विचारता येणार नाही.

असो. काल एक वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं, आई आमटीची चव तळहातावर घ्यायची आणि दरवेळी "मीठ बघ गं" म्हणायची. एवढंच सुचलं. मामा, मावशी, वाचत असाल तर तुमच्याकडचंही पाठवा. शेवटच्या अकरा दिवसांचं नको, त्याआधीचं.