बाकावर बसलेल्या क्वार्टरबॅकची किंमत ठरते कशी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून आक्रमण चालवतो तो क्वार्टरबॅक. मैदानात एकच उतरतो, त्याचा राखीव बाकावर बसतो. मग जो फारसा खेळलाच नाही, त्याचं मोल कसं करायचं?

एनएफएलमध्ये खेळाडूंची अदलाबदल सहसा पैशांत होत नाही. कॉलेजमधले नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’च्या सात फेऱ्यांत निवडले जातात. या निवडीचा हक्क हेच इथलं चलन. पहिल्या फेरीचा हक्क सगळ्यांत महाग.

भाव तीन गोष्टींवर ठरतो: दिसलेला थोडाफार खेळ, उरलेला करार आणि घेणाऱ्याची निकड.

जिमी गारोपोलो न्यू इंग्लंडकडून सुरुवातीपासून फक्त दोन सामने खेळला होता आणि त्याचा करार संपत आला होता. त्यामुळे 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला तो दुसऱ्या फेरीच्या एका हक्कात मिळाला. तिथे सुरुवातीपासून खेळलेले पहिले पाचही सामने त्याने जिंकले.

केविन कोल्बचं उलट झालं. 2011 मध्ये ॲरिझोनाने त्याच्यासाठी दुसऱ्या फेरीचा हक्क आणि वर एक बचावपटूही दिला. पण दुखापती मागे लागल्या आणि दोनच मोसमांत त्याला सोडून द्यावं लागलं.

ब्रेट फार्व्हने तर पहिल्या मोसमात चारच पास टाकले, एकही सहकाऱ्यापर्यंत पोचला नाही. तरी 1992 मध्ये ग्रीन बेने पहिल्या फेरीचा हक्क मोजला. पुढे तो तीनदा एमव्हीपी ठरला.

थोडक्यात, इथे भाव खेळाचा नसतो, अंदाजाचा असतो. म्हणून अशा सौद्याची बातमी दिसली की आधी करार किती उरलाय ते बघा.