रुपयामागे एक आणा

शेतकऱ्याला नमुना आठ-अ आठवतो तो सोसायटीचं कर्ज काढायची वेळ आली की. त्यात तो गट नंबर बघतो, क्षेत्र बघतो आणि घडी घालून खिशात टाकतो. उजवीकडच्या रकान्यांशी त्याला देणंघेणं नसतं. मला होतं, कारण ते भरायचे मीच. आधी आकार, मग स्थानिक उपकराचे दोन रकाने, जि.प. आणि ग्रा.पं., शेवटी बेरीज. आकार ५ रुपये असेल तर ग्रा.पं. ५ आणि जि.प. ३५. म्हणजे आकाराच्या, अर्थात साऱ्याच्या, आठपट उपकर.

नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात नवी तलाठी होते तेव्हाची गोष्ट. मार्चअखेरची वसुली, चावडीत गर्दी. कार्बन घालून लिहिलेली पावती फाडून दिली, तर एका बाबांनी ती डोळ्यांशी नेऊन विचारलं, "बाई, बैल एवढासा अन् शेपूट एवढी? कुणाची ही?"

"झेडपीची, बाबा."

"मंग बैल तरी कशाला ठेवता?"

प्रश्न बिनतोड होता. आकार इंग्रजी अमदानीतल्या जमाबंदीत ठरला आणि तिथेच गोठला. तो वाढवायला कुठलंच सरकार धजत नाही. उपकर मात्र त्याच आकारावर बसवलेला. १९६१च्या जिल्हा परिषद कायद्यात मूळ दर रुपयाला २० पैसे, पण जिल्हा परिषदेने ठराव करून वाढ मागायची सोय ठेवलेली. बैल वाढेना म्हणून शेपूट वाढवली, एवढाच त्याचा हिशोब.

ही शेपूट पहिल्यांदा लागली १८६३ साली. मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि तो सरकारी तिजोरीत न मिसळता जिल्ह्यातच खर्चायचा, असं ठरलं. नाव लोकल फंड. १८६९च्या कायद्याने त्याला पक्की चौकट दिली. आण्याचे दोन वाटे रस्त्यांना, एक वाटा शाळांना. रस्त्यांच्या वाट्यातून विहिरी, धर्मशाळा, दवाखानेही निघायचे. सारा कशासाठी, हे रयतेने राजाला विचारायचं नसतं. या आण्याचं काम मात्र कायद्यातच लिहिलेलं होतं, म्हणून तो कुठे गेला हे विचारता येत होतं. माझ्या मते यातली नवलाई तीच.

विचारणारे निघालेही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं की, महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. पुढे १८८४ साली लोकल बोर्डं आली आणि फंडाला निदान काही निवडून आलेली माणसं मिळाली. आमच्याकडची म्हातारी माणसं कालपरवापर्यंत 'लोकल बोर्डाची शाळा', 'बोर्डाचा रस्ता' असंच म्हणायची. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, बोर्ड गेलं, पण आणा राहिला. परिषदेच्या सदस्यांच्या तोंडी तो 'सेस' झाला. बाकीचा पैसा राज्याच्या योजनांचा, वरून बांधून आलेला. सदस्याच्या मनासारखं काही करता येतं ते सेसमधूनच, म्हणून भांडणंही त्याच्यावरच.

शहराची तऱ्हा वेगळी. नगरची नगरपालिका १८५४ची. तिचं पोट चालायचं मुख्यतः जकातीवर, म्हणजे वेशीवरून जे आत येईल त्यावर. शेजारी भिंगारची छावणी, तिचा कायदा निराळा, तिची पट्टी निराळी. नगरपालिकांची जकात १९९९मध्ये उठली, २००३ साली महापालिका झाली आणि भरपाईच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणं शहराच्याही नशिबी आलं. नाक्यांवरचे ट्रकवाले सुटले, त्याचा मला आनंदच आहे.

पण या जिल्ह्यातली खरी नवी पट्टी ना चावडीत बसली ना नाक्यावर. ती बसली उसाच्या काट्यावर. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ सहकारी कारखाना सुरू केला. मग एकामागून एक कारखाने आले. माझी शेवटची काही वर्षं प्रवरेकाठच्या सजांत गेली. तिथल्या उसाच्या बिलावर बघावं तर टनामागे कपातींची ओळच्या ओळ, कुठली ठेव, कुठला निधी, कुठली वर्गणी. कायद्याच्या भाषेत हा कर नव्हे. सभासदांच्या सभेत हात वर झालेले असतात, ते किती मनापासून हा प्रश्न अलाहिदा. पण काम तेच. ठरावीक मुलूख, ठरावीक पीक, टनावर कपात आणि त्यातून त्या मुलखाच्या सोयी. लोणीत १९८३ साली अभियांत्रिकी आणि १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, तेव्हा पाथर्डीतल्या माझ्या सजात दहावीनंतर काय, हा प्रश्न एसटीच्या वेळापत्रकावर ठरत होता.

लोकल फंड जिल्हाभर एकत्र व्हायचा. बागायतीचा आणा आणि जिरायतीचा आणा एकाच पिशवीत, आणि पिशवी सोडताना निदान भांडता तरी यायचं. कपात कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेर जात नाही. जिथे पाट आला तिथे ऊस, तिथे कपात, तिथे कॉलेज. पाथर्डी, जामखेडच्या कोरडवाहू माळाला कुणाच्या बिलातून काय कापणार?

त्या माळासाठी उलटी वाट शोधली ती बहात्तरच्या दुष्काळानंतर. वि. स. पागे यांची रोजगार हमी, आणि तिच्यासाठी १९७५ साली नोकरदारांवर, व्यावसायिकांवर लावलेला व्यवसाय कर. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापायचं आणि पाथर्डीतल्या पाझर तलावावर खर्चायचं. माझ्या पगारपत्रकातही तो असायचाच. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५०० पुरे. कार्यालयात या फेब्रुवारीच्या तीनशेवर दरवर्षी कुरकुर व्हायची. खडी फोडणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या होत्या, त्यामुळे मला कधी कुरकुर करवली नाही.

आता पुन्हा जिल्हा विभाजनाचं वारं आहे. चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यांत मोठा जिल्हा. नाव बदलून अहिल्यानगर झालं, तरी विभाजनाची मागणी जुनीच आहे आणि कारभाराच्या सोयीने ती चूक आहे असंही नाही. पण उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले की दोन जिल्हा परिषदा, आणि १८६३पासून एका पिशवीत पडणारा आणा दोन पिशव्यांत जाणार. उत्तरेला सेस नाही पुरला तरी काटा आहे. दक्षिणेच्या कोरडवाहू माळाला काट्याचाही आधार नाही. सभा होतात, मोर्चे निघतात. मुख्यालय संगमनेरला, श्रीरामपूरला की शिर्डीला, यावर तासन् तास भाषणं होतात. आठ-अच्या उजवीकडच्या त्या रकान्याचं काय करायचं, हे अजून एकाही वक्त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.