आयएसएलमध्ये दादा, आशियात शून्य गुण: मुंबई सिटी आणि एफसी गोवा नेमके कुठे कमी पडतात?

११ एप्रिल २०२२. रियाधमध्ये मुंबई सिटी एफसीसमोर इराकचा एअर फोर्स क्लब होता. इराकी संघाने आधी गोल केला, मग दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली. त्यानंतर कॉर्नरवर आलेला चेंडू मुंबईकर राहुल भेकेने डोक्याने जाळ्यात घातला आणि मुंबई सिटी २-१ ने जिंकली. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिलाच सामना.

पुढच्याच वर्षी हाच क्लब याच स्पर्धेत पुन्हा उतरला आणि सहापैकी सहा सामने हरला. केलेले गोल १, खाल्लेले १७, गुण शून्य.

दीड वर्षात असं काय बदललं? आणि या पराभवांचा फटका फक्त मुंबई सिटीला बसतो का?

आधी स्पर्धा समजून घेऊ

युरोपात जशी चॅम्पियन्स लीग, तशी आशियात एएफसीची, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाची स्पर्धा. वेगवेगळ्या देशांचे अव्वल क्लब इथे एकमेकांशी खेळतात. २०२४-२५ पासून तिचे तीन स्तर झालेत. सगळ्यात वर 'चॅम्पियन्स लीग एलिट', त्यात सुरुवातीला २४ क्लब होते. त्याखाली 'चॅम्पियन्स लीग टू', त्यात ३२ क्लब. आणि सगळ्यात खाली 'चॅलेंज लीग'.

कोणत्या देशाला कुठे आणि किती जागा, हे त्या देशाच्या क्लबांनी मागच्या अनेक हंगामांत आशियात मिळवलेल्या गुणांवर ठरतं. म्हणजे आज मुंबई सिटी हरली, तर उद्या गोवा, कोलकाता किंवा बेंगळुरूच्या क्लबचीही वाट अवघड होते.

आतापर्यंतचा हिशोब

सुरुवात इतकी वाईट नव्हती. दुसऱ्या दर्जाच्या एएफसी कपमध्ये पणजीचा डेम्पो २००८ साली उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याआधी २००७ मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला होता. २०१६ मध्ये बेंगळुरू एफसीने थेट अंतिम फेरी गाठली आणि ०-१ ने हरली. समोर होता तोच इराकचा एअर फोर्स क्लब.

वरच्या स्पर्धेच्या गटसाखळीत पहिला भारतीय क्लब होता एफसी गोवा. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, हे सामने मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाले. गोव्याने कतारच्या अल रय्यानला दोनदा आणि अमिरातीच्या अल वाहदाला एकदा बरोबरीत रोखलं. एकही विजय मिळाला नाही, पण ३ गुणांसह संघ गटात तिसरा आला. अल रय्यान शेवटच्या स्थानावर राहिला आणि त्यांचे प्रशिक्षक होते फ्रान्सचे विश्वविजेते खेळाडू लॉराँ ब्लाँ.

२०२२ मध्ये मुंबई सिटीने त्यापुढची मजल मारली. दोन विजय, एक बरोबरी, ७ गुण आणि गटात दुसरा क्रमांक. बाद फेरी मात्र हुकली. त्यानंतर आला २०२३.

२०२२ ला जमलं, ते २०२३ ला का नाही?

पहिलं कारण परदेशी खेळाडूंचा नियम. २०२२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात तीन परदेशी आणि एक आशियाई, असे चार बाहेरचे खेळाडू चालत. आयएसएलमध्येही मर्यादा चारचीच होती. म्हणजे दोन्ही बाजूंना नियम जवळपास सारखा. २०२३-२४ पासून एएफसीने ही मर्यादा पाच अधिक एक केली आणि पुढच्या हंगामात ती काढूनच टाकली. ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याचा संघ एका नियमाने आणखी भारी झाला.

दुसरं कारण तोच पैसा. जून २०२३ मध्ये सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने अल हिलालसह चार मोठ्या क्लबांत ७५ टक्के हिस्सा घेतला. काही आठवड्यांत नेमार, रुबेन नेव्हेस, कुलिबाली, मित्रोविच असे खेळाडू अल हिलालमध्ये आले. हा क्लब आधीच चार वेळा आशियाचा विजेता होता. रियाधमध्ये मुंबई सिटी ०-६ ने हरली, त्यात मित्रोविचची हॅट्ट्रिक होती. नेमार तर दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हताच.

पण सगळं सौदीच्या पैशावर ढकलून चालणार नाही. त्याच गटात इराणचा नस्साजी आणि उझबेकिस्तानचा नवबहोर होते. हे काही श्रीमंत क्लब म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांच्याविरुद्धचे चारही सामने मुंबई हरली.

म्हणून तिसरं कारण महत्त्वाचं: वेळापत्रक. नस्साजीविरुद्धचा पहिला सामना झाला १८ सप्टेंबर २०२३ ला. आयएसएलचा तो हंगाम सुरू झाला २१ सप्टेंबरला. आपल्या लीगचा एकही सामना खेळण्याआधी संघ आशियातल्या सगळ्यात अवघड स्पर्धेत उतरला होता. सौदी लीग मात्र ऑगस्टमध्येच सुरू झाली होती. शिवाय सौदीत एक क्लब लीगचे ३४ सामने खेळतो, आयएसएलच्या त्या हंगामातल्या साखळीत ते होते २२. अटीतटीचे सामने जितके कमी, तितकी त्या वेगाची सवय कमी.

चौथं कारण संघ टिकवण्याचं. २०२२ चा कर्णधार मुर्तादा फॉल आणि मधल्या फळीचा कणा अहमद जाहू, दोघेही २०२३ मध्ये ओडिशाकडे गेले. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम स्पर्धा अर्ध्यावर असताना, नोव्हेंबरमध्ये, इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले.

घरचं मैदान, पण घरापासून लांब

आणखी एक गोष्ट चाहत्यांना थेट जाणवली. मुंबई सिटीचं मैदान अंधेरीत आहे. मिरा रोड किंवा भाईंदरहून पश्चिम रेल्वेची एक लोकल पकडली की झालं. पण ते मैदान एएफसीच्या निकषांत बसलं नाही. त्यामुळे नस्साजी आणि नवबहोरविरुद्धचे 'घरचे' सामने झाले पुण्याच्या बालेवाडीत.

पहिला सामना सोमवारी होता, आणि तोही गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. मिरा-भाईंदरच्या नोकरदार चाहत्याने त्या रात्री बालेवाडी गाठून परत यायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अल हिलालविरुद्धचा सामना तेवढा नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. तिथे मोठ्या गर्दीसमोर मुंबईने अल हिलालला दोनच गोल करू दिले. रियाधच्या सहा गोलांशी हा आकडा ताडून बघा. एका सामन्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण हक्काचं मैदान असण्याचा फायदा मुंबईला पूर्ण मिळालाच नाही, हे खरं.

हरल्याने नक्की काय जातं?

स्पर्धेतली जागा. २०२४-२५ आणि २०२५-२६ मध्ये भारताच्या विजेत्या क्लबला 'एलिट'मध्ये प्रवेशच नव्हता, तो 'टू'मध्ये खेळला. एलिटच्या विजेत्याला १ कोटी डॉलर मिळतात, टूच्या विजेत्याला २५ लाख. बक्षीस कमी, मोठे सामने कमी, त्यामुळे चांगले खेळाडू येण्याचं कारणही कमी. मग पुन्हा पराभव.

त्यात आपल्या बाजूने घोळ वेगळेच. २०२४-२५ मध्ये मोहन बागानने सुरक्षेच्या कारणावरून इराणला जायचं टाळलं, २०२५-२६ मध्येही तेच झालं. दोन्ही वेळा एएफसीने त्यांना स्पर्धेतून बाहेर धरलं. २०२५-२६ मध्ये एफसी गोवा सौदीच्या अल नस्रच्या गटात होता, तेव्हा करारांच्या वादामुळे आयएसएल सुरूच झाली नव्हती. फातोर्डावर गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने अल नस्रविरुद्ध गोल केला आणि सामना १-२ असा निसटला. पण पहिले चारही सामने गोवा हरला.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. स्कॉटलंड बघा. १९६७ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकने युरोपियन कप जिंकला आणि त्या संघातले सगळे खेळाडू ग्लासगोच्या ५० किलोमीटरच्या आतले होते. आज तिथलेच क्लब घरी दादा आणि युरोपात हतबल दिसतात. २०२२-२३ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेंजर्सने सहाही सामने गमावले, २ गोल केले आणि २२ खाल्ले. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्टिक कझाकस्तानच्या कैरातकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरून बाहेर पडला. शेजारच्या श्रीमंत लीग पुढे निघून गेल्या, की छोट्या लीगच्या विजेत्याचं असं होतं.

फरक एकच. स्कॉटलंडची लीग दरवर्षी ठरल्या वेळी सुरू होते. त्यामुळे रेंजर्स २०२२ मध्ये युरोपा लीगच्या अंतिम फेरीपर्यंत जाऊ शकले, आणि हरले तेही पेनल्टी शूटआउटमध्ये.

मग उपाय काय?

सौदीइतका पैसा आयएसएलचे क्लब आणू शकत नाहीत. पण वेळेवर सुरू होणारी लीग, जास्त सामने, आशियाई सामन्यांच्या आधी पुरेसा सराव आणि निकषांत बसणारं घरचं मैदान, यातली कुठलीही गोष्ट नेमारला विकत घेण्याइतकी महाग नाही. २०२२ मध्ये रियाधला जाण्याआधी मुंबई सिटीने अबू धाबीत सराव शिबिर घेतलं होतं. तिथून ७ गुण आले. भारतीय क्लब आशियात जिंकू शकतात का, याचं उत्तर राहुल भेकेच्या त्या हेडरने दिलेलं आहे. आता प्रश्न आहे तो तयारी दर हंगामात तशी होणार का, एवढाच.