आधी तुम्ही, मग मी

बँकेची स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांनी उघडते. दुसरा किल्लीवाला लोकलमध्ये अडकला की पहिल्याने किल्ली बोटावर फिरवत उभे राहायचे. त्याच्यामागे कॅशियर, कॅशियरमागे गिऱ्हाइके. लिनक्सचा कारभार बरीच वर्षे असाच चालायचा हे कळल्यापासून मला त्याच्याविषयी खात्यातल्या माणसासारखी आपुलकी वाटते.

मूळ घराणे युनिक्सचे, बेल प्रयोगशाळेतले, १९६९ सालचे. तिथे ‘इनिट’ नावाचा कारभारी. मानाचा क्रमांक एक, बाकी सगळी त्याची लेकरे. १९८३ साली ‘सिस्टिम फाइव्ह’ आली आणि तिचीच रीत पुढे बहुतेक लिनक्सवाल्यांनी उचलली. प्रत्येक सेवेला नंबर द्यायचा, एस १०, एस २०, आणि पहिलीचे आटपल्याशिवाय दुसरीने हलायचे नाही. नेटवर्क जागे होईना, की सगळी वरात दारात!

२०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी ‘सिस्टिमडी’ काढली. सगळ्यांना एकदम उठवा. ज्याचे ज्याच्यावाचून अडते, त्यानेच थांबावे. साधी गोष्ट, पण साध्या गोष्टीवरून भांडणार नाही तो माणूस कसला? फेडोराने २०११ मध्ये ती घेतली. डेबियनच्या तांत्रिक समितीत मात्र फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर काम भागले. रुसलेल्यांनी ‘डेव्हुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. अगदी आपल्या सोसायटीसारखे!

आमच्या घरचा संगणक मात्र नव्या पद्धतीतही रोज थबकू लागला. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणायचा आणि नव्वद सेकंद मोजत बसायचा. सिस्टिमडीत ‘ब्लेम’ नावाची आज्ञा आहे. कोणी किती वेळ खाल्ला, त्याची यादीच देते. (आमच्या हेड ऑफिसला ही कला आज्ञेवाचून येते.) पण गुन्हेगार यादीत नव्हता, कारण तो हजरच झाला नव्हता! तो सापडला जर्नलमध्ये: ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’. मेहुण्याने जुनी डिस्क काढून नेली होती. तिच्यावरच्या स्वॅपची ओळ ‘एफएसटॅब’ फायलीत तशीच राहिलेली. खाते बंद, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन चालू!

त्या ओळीच्या डोक्यावर हॅशचे चिन्ह ठेवले आणि संगणक झटकन उठला.

“अहो,” आतून आवाज आला, “तेवढ्यात माझा चहा टाकून व्हायचा!”